गाईला ल्युकोसिस आहे का? गाठीपासून प्रयोगशाळेपर्यंत निदानाची रीत

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईच्या खांद्यापुढे नारळाएवढी गाठ दिसली की बहुतेक गोठ्यांत दोनपैकी एक गोष्ट होते. 'गोचीड तापच आहे' म्हणून इंजेक्शन देऊन विषय संपवला जातो, नाहीतर कुणीतरी 'रक्ताचा कॅन्सर' म्हणतं आणि चांगली दुभती गाय मिळेल त्या भावात बाजाराला लागते. पहिल्यात खरा आजार निसटतो आणि दुसऱ्यात बरी होणारी गाय हातची जाते. हे टाळायचं तर निदान पायरीपायरीने करायला हवं. हात लावून तपासणं आणि नोंदी ठेवणं हे पशुपालकाचं काम. रक्त घेणं, गाठीतून सुईने नमुना काढणं आणि औषध ठरवणं हे पशुवैद्यकाचं.

तीन प्रश्न, तीन वेगळ्या तपासण्या

ल्युकोसिस म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मोठ्या गाईंमधला हा आजार बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरस म्हणजे बीएलव्ही या विषाणूमुळे होतो. रक्तातल्या बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत तो शिरतो, पेशीच्या जनुकांत स्वतःची प्रत बसवतो आणि जन्मभर तिथेच राहतो. सगळा गोंधळ होतो तो पुढचे तीन प्रश्न एकच समजल्यामुळे.

गाईच्या अंगात विषाणू आहे का? याचं उत्तर अँटिबॉडीची तपासणी (जशी एलायझा) किंवा पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुक शोधणारी तपासणी, देते. रक्तातले लिम्फोसाइट कायमचे वाढले आहेत का? याला रक्तपेशींची मोजणी लागते, तीही एकदा करून भागत नाही. अंगावरची गाठ कॅन्सरची आहे का? हे फक्त गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळतं.

बाधित शंभर गाईंपैकी साधारण तिसांच्या रक्तात लिम्फोसाइट कायम वाढलेले राहतात. गाठींचा कॅन्सर पाचांहून कमी गाईंना होतो. बाकीच्या खातात, दूध देतात, वितात, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून 'एलायझा पॉझिटिव्ह' म्हणजे 'गाईला कॅन्सर' असं कधीही लिहू नका. उलट बाजूही लक्षात असू द्या. पॉझिटिव्ह गाईला आलेली गाठ गळवाची किंवा क्षयाचीही असू शकते. विषाणू अंगात असणं आणि गाठ येणं या दोन गोष्टी एकाच गाईत योगायोगानेही जुळतात.

वय आधी विचारा. बीएलव्हीच्या गाठी तीन वर्षांच्या आतल्या जनावरात सहसा दिसत नाहीत; पाच ते आठ वर्षांच्या गाईंत त्या जास्त सापडतात. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अंगभर गाठी, सहा महिने ते दोन वर्षांच्या कालवडीच्या मानेखाली छातीच्या तोंडाशी मोठी सूज, किंवा एक ते तीन वर्षांच्या जनावराच्या कातडीवर गाठी असतील, तर तो बीएलव्हीशिवाय होणारा विरळा ल्युकोसिस असू शकतो. अशा जनावराची बीएलव्ही तपासणी निगेटिव्ह आली तरी कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही.

हाताने तपासणी

गाय दावणीला शांत उभी असताना, शक्यतो धारेनंतर, दोन्ही बाजू तपासा. आधी ताप मोजा. निरोगी गाईचा ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो. ल्युकोसिसच्या गाठीत बहुधा ताप नसतो, आणि ही एकच नोंद पुढचं बरंच काम हलकं करते.

खांद्यापुढची गाठ शोधायला गाईच्या बाजूला, तिच्या डोक्याकडे तोंड करून उभं राहा. चारही बोटं जुळवून खांद्याच्या सांध्याच्या थोडं वर, फऱ्याच्या पुढच्या कडेशी आत दाबा आणि हळूहळू पुढे ओढा. उभी, लांबट, चपटी लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) बोटांखालून सरकते. ती निरोगी गाईतही लागते, तेव्हा नुसती लागली म्हणून घाबरू नका. डावी-उजवी ताडून पाहा. मग मांडीच्या पुढे, कुशीच्या घडीत, खुब्याचं हाड आणि गुडघ्याची वाटी यांच्या मधोमध चाचपा. त्यानंतर जबड्याखाली, कानाच्या बुडाशी, आणि शेवटी मागून कासेच्या वरच्या टोकाला. गाभण तपासणीच्या वेळी पशुवैद्यकाला ओटीपोटातल्या ग्रंथी आणि गर्भाशयाची भिंतही चाचपायला सांगा. बाहेर काहीच नसताना आत मोठी गाठ सापडते ती तिथेच.

ल्युकोसिसची गाठ टणक, गुळगुळीत आणि न दुखणारी असते. गरम लागत नाही, कातडीखाली सरकते आणि बहुधा एकाहून जास्त ठिकाणी असते. गळू एकच असतं, मऊ पडतं, बोटाने दाबलं तर आत पू हलल्यासारखं वाटतं. क्षयाची गाठ कडक, ओबडधोबड आणि आजूबाजूला चिकटलेली असते. घशाजवळ असली तर गाय घोरल्यासारखा श्वास घेते. क्षयाची शंका असेल तर मानेच्या कातडीत ०.१ मिली बोव्हाइन ट्युबरक्युलिन टोचून ७२ तासांनी कातडीची जाडी मोजतात. ४ मिमी किंवा जास्त वाढ पॉझिटिव्ह धरतात.

गाठ बाहेर दिसत नाही अशा गाई जास्त फसवतात. कॅन्सर कुठे बसला त्यावर लक्षणं ठरतात:

- डोळ्यामागे: डोळा बाहेर येतो, पापणी मिटत नाही, बुबुळ सुकून फुटतं.
- चौथ्या पोटात: शेण काळं, डांबरासारखं पडतं, गाय खंगते.
- हृदयाच्या उजव्या कप्प्यात: मानेच्या शिरा फुगतात, पोळीत पाणी उतरतं.
- पाठीच्या कण्यात: मागचे पाय लटपटतात, मग गाय बसते ती उठत नाही.
- गर्भाशयात: गाय पुन्हा पुन्हा उलटते किंवा गाभडते.

पोळीत पाणी उतरलं की आपल्याकडे पहिला संशय गाईने गिळलेल्या तारेवर किंवा खिळ्यावर जातो, आणि तो रास्त आहे. तार टोचलेली गाय कण्हते, पाठ वाकवून उभी राहते, उताराला चालायला नाखूश असते, सुरुवातीला ताप असतो, आणि हृदय ऐकताना पाणी हेलकावल्यासारखा आवाज येतो. मेटल डिटेक्टर वाजला एवढ्यावर निष्कर्ष काढू नका, कारण निरोगी गाईंच्याही जाळीपोटात लोखंड असतं. सोनोग्राफी हाताशी असेल तर वाद तिथेच मिटतो.

आधी थायलेरिया बाजूला काढा

महाराष्ट्रातल्या संकरित गाईच्या फुगलेल्या ग्रंथीचं पहिलं कारण गोचीड ताप, म्हणजे थायलेरियोसिस, हेच धरून चालावं. इथे चूक होण्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी पांढऱ्या पेशीत शिरून तिला कॅन्सरच्या पेशीसारखं भराभर विभागायला लावतो. त्यामुळे ग्रंथी सुजतात, आणि काचपट्टीवर मोठ्या, कोवळ्या, विभागणाऱ्या लिम्फोसाइट पेशी दिसतात. घाईत पाहणाऱ्याला हे ल्युकेमियाचं चित्र वाटतं. वासरांत तर थायलेरियामुळे डोळेही बाहेर येतात. फरक एवढाच, पण तो गाईच्या जिवाचा आहे: परजीवी मेला की पेशी पुन्हा सरळ वागतात आणि गाय बरी होते.

ओळखायचं असं. ताप १०४ ते १०७ अंशांपर्यंत, ग्रंथी सुरुवातीला गरम आणि दुखरी, डोळ्याची आतली त्वचा फिकट, कानात किंवा कासेजवळ गोचीड. खात्री काचपट्टीवरच होते. सुजलेल्या ग्रंथीतून सुईने काढलेला नमुना पट्टीवर पसरा, हवेत वाळवा, मेथॅनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि एकास दहा पातळ केलेल्या गिम्सा रंगात तीस मिनिटं रंगवा. गिम्सा दर वेळी ताजा पातळ करा आणि बोअरचं जड पाणी वापरू नका. पाण्याचा सामू चढला की सगळी पट्टी निळी पडते आणि बारकावे बुजतात. लिम्फोसाइटच्या आत किंवा फुटलेल्या पेशीबाहेर निळसर गोळ्यात लाल-जांभळे ठिपके दिसले तर त्या कॉखच्या निळ्या कणिका. त्या दिसल्या की निदान झालं.

तांबड्या पेशींत एखाददुसरा परजीवी दिसणं हा मात्र तसा पुरावा नाही. पूर्वी बरी झालेली गाय वर्षानुवर्षं थोडे परजीवी बाळगून असते. म्हणजे तिची आजची गाठ ल्युकोसिसची असू शकते आणि रक्तपट्टीचा अहवाल मात्र 'थायलेरिया पॉझिटिव्ह' येतो. निर्णय ग्रंथीच्या पट्टीवर घ्या.

थायलेरियाचं निदान होऊन ब्युपार्व्हाक्वोन दिलं असेल (मात्रा किलो वजनाला २.५ मिग्रॅ, स्नायूत) तर ताप उतरतो आणि ग्रंथी ओसरू लागते. दोन आठवड्यांनी ग्रंथी तेवढीच किंवा वाढलेली असेल तर औषध पुन्हा पुन्हा देत बसण्यात अर्थ नाही. तिथून पुढे ल्युकोसिसच्या तपासण्या सुरू करा.

२०२२ च्या साथीनंतर लम्पीही या यादीत आला. लम्पीतही खांद्यापुढची ग्रंथी खूप मोठी होते, पण जोडीला ताप आणि काही दिवसांत अंगभर उठलेल्या गाठी असतात. कातडीच्या ल्युकोसिसमध्ये गाठी सावकाश येतात आणि गोठ्यात दुसऱ्या जनावराला काही होत नाही.

रक्ताचा नमुना

प्रत्येक गाईला दोन नळ्या. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी पेशींची मोजणी आणि पीसीआरसाठी, लाल टोपणाची साधी नळी सीरमसाठी. मानेच्या शिरेतून १८ गेजच्या सुईने, किंवा शेपूट सरळ वर धरून बुडापासून वीतभर अंतरावर खालच्या मध्यरेषेतून रक्त घ्या. सुई प्रत्येक गाईला नवी. हा नियम इथे सगळ्यात कडक आहे, कारण बाधित गाईचं एक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाच्या पन्नासाव्या भागाएवढं रक्तही दुसऱ्या गाईला लागण करू शकतं. निदानासाठी फिरवलेली एकच सुई अख्खी दावण बाधित करून जाईल.

ईडीटीए नळी खुणेपर्यंतच भरा. कमी भरली तर पेशी आक्रसतात, जास्त भरली तर रक्त गोठतं. भरल्यावर आठ-दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करा, हलवून फेस आणू नका. त्याच वेळी गोठ्यातच एक-दोन रक्तपट्ट्या ओढून वाळवा. नळीत तासन् तास राहिलेल्या लिम्फोसाइटचा आकार बदलतो आणि नंतर ओढलेल्या पट्टीवर निरोगी पेशीही विचित्र दिसतात. साध्या नळीत पाच ते आठ मिली रक्त तिरपं ठेवून तास-दोन तास सावलीत गोठू द्या, मग सीरम दुसऱ्या कुपीत ओता. सीरम लालभडक आलं तर पेशी फुटल्या आहेत. बारीक सुई, जोरात ओढलेला दट्ट्या, ओली सिरिंज किंवा बर्फाला थेट टेकलेली नळी यांपैकी काहीतरी झालेलं असतं. नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा. अख्खं रक्त फ्रीजरमध्ये कधीच टाकू नका. मोजणीची नळी २४ तासांत पोहोचली पाहिजे.

नळीवर बिल्ला क्रमांक लिहा. चिठ्ठीवर वय, वेत, व्यायल्याची तारीख, चालू औषधं आणि ताप. व्यायल्याची तारीख का हवी ते पुढे येतंच.

आकडा कसा वाचायचा

अहवालात लिम्फोसाइटची टक्केवारी असते. टक्केवारीवर निर्णय घेऊ नका, प्रत्यक्ष संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटची टक्केवारी भागिले शंभर. पाच वर्षांच्या गाईच्या पांढऱ्या पेशी १४,२०० आणि लिम्फोसाइट ७२ टक्के असतील तर संख्या येते १०,२२४.

ही संख्या वयाशी ताडायची. डेन्मार्कने १९५९ पासून बाधित कळप शोधले ते याच पद्धतीने; विषाणू तर पुढे १९६९ मध्ये सापडला. युरोपात रूढ झालेल्या मापानुसार प्रति मायक्रोलिटर लिम्फोसाइटच्या मर्यादा अशा:

- एक वर्षापर्यंत: १०,००० पर्यंत ठीक, १२,००० च्या वर वाढलेले
- एक ते दोन वर्षं: ९,००० पर्यंत ठीक, ११,००० च्या वर वाढलेले
- दोन ते तीन वर्षं: ७,५०० पर्यंत ठीक, ९,५०० च्या वर वाढलेले
- तीन ते चार वर्षं: ६,५०० पर्यंत ठीक, ८,५०० च्या वर वाढलेले
- चार वर्षांपुढे: ५,००० पर्यंत ठीक, ७,००० च्या वर वाढलेले

मधले आकडे संशयित. वरच्या गाईचे १०,२२४ हे स्पष्ट वाढलेले. तेच आठ महिन्यांच्या कालवडीचे १३,००० पैकी ७० टक्के, म्हणजे ९,१०० असतील तर काहीच बिघडलेलं नाही. हे माप युरोपातल्या दुधाळ जातींवर ठरलेलं आहे. एचएफ, जर्सी आणि त्यांच्या संकरितांना ते लावता येतं, गीर, खिलार किंवा म्हशीला आंधळेपणाने लावू नये.

एका मोजणीवर थांबू नका. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा; दोन्ही वेळा वाढलेले असतील तरच 'कायम वाढ' म्हणा. गाय पळवून, ओढाताण करून रक्त घेतलं तर आकडा तात्पुरता चढतो. डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) दिलेलं असेल किंवा लांबचा प्रवास होऊन आलेली असेल तर लिम्फोसाइट घटतात आणि बाधित गाय निरोगी दिसते. गावातल्या माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मोजणी करत असाल तर यंत्रावर गुरांचं सेटिंग आहे का ते विचारा. नसेल तर पट्टीवर दोनशे पेशी हाताने मोजून घ्या. आणि गाठ असलेल्या प्रत्येक गाईचा आकडा वाढलेला असतोच असं नाही. आकडा चांगला आला म्हणून गाठीची तपासणी सोडू नका.

अँटिबॉडी की पीसीआर

कळपाची चाळणी करायला सीरमवरची एलायझा उत्तम. एजीआयडी, म्हणजे जेलमध्ये रेघ उमटते ती तपासणी, स्वस्त आणि भरवशाची आहे, पण अँटिबॉडी कमी असतील तर एलायझाला सापडणारी गाय तिच्यातून सुटते. दुधावरही एलायझा होते. मात्र संकलन केंद्राच्या कॅनमधलं दूध तपासून उपयोग नाही, कारण ते दहा घरांचं असतं. पाच-पंधरा गाईंच्या गोठ्यात प्रत्येक गाय वेगळी तपासलेलीच बरी.

अँटिबॉडीची तपासणी तीन वेळी फसवते. लागण झाल्यावर अँटिबॉडी यायला ३ ते १६ आठवडे लागतात. म्हणून लोणी-घोडेगावच्या बाजारातून किंवा परराज्यातून आणलेली गाय निगेटिव्ह आली तरी वेगळी बांधा आणि चार महिन्यांनी पुन्हा तपासा. व्यायच्या आधी दोन ते सहा आठवडे आणि नंतर एक-दोन आठवडे गाईच्या रक्तातल्या अँटिबॉडी चिकात उतरतात. तेव्हाचा निगेटिव्ह निकाल धरू नका, हवं तर पहिल्या धारेचा चीकच तपासा. आणि बाधित आईचा चीक प्यालेलं वासरू स्वतः बाधित नसतानाही सहा महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येतं. या तिन्ही ठिकाणी पीसीआर कामाला येतो, कारण तो विषाणूचे जनुक थेट शोधतो.

औंध-पुण्याची पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा, परळ, नागपूर आणि शिरवळची पशुवैद्यकीय महाविद्यालयं ही विचारणा करायची ठिकाणं. नमुना काढण्याआधी फोन करा: बीएलव्हीचं किट आज आहे का, सीरम हवं की ईडीटीए रक्त, किती मिली. किट नसताना पोहोचलेलं रक्त वाया जातं.

गाठीतला नमुना

केस कापून, स्पिरिटने पुसून, ग्रंथी एका हाताने घट्ट धरा. २० ते २२ गेजची सुई १० मिली सिरिंजला लावून आत घाला, दट्ट्या ओढून धरत दोन-तीन दिशांना फिरवा. सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडा, नाहीतर सगळा माल सिरिंजमध्ये ओढला जातो आणि पट्टीवर काहीच उरत नाही. एका ग्रंथीतून निदान तीन पट्ट्या करा. कॅन्सरच्या ग्रंथीत एकाच साच्यातल्या मोठ्या, कोवळ्या पेशी भरलेल्या असतात, त्यांच्या केंद्रकात ठळक ठिपके दिसतात. संसर्गाने सुजलेल्या ग्रंथीत लहान, मोठ्या, वेगवेगळ्या पेशींची सरमिसळ असते. पट्टीवर नुसतं रक्त आलं किंवा शंका राहिली तर ग्रंथीचा तुकडा काढून पाठवणं बरं.

गाय दगावली तर शवविच्छेदन जरूर करून घ्या. बाकीच्या गाईंसाठी याहून मोलाची माहिती मिळत नाही. हृदयाचा उजवा वरचा कप्पा, चौथं पोट, मूत्रपिंड, गर्भाशय, कमरेच्या मणक्यांची पोकळी आणि डोळ्यामागची चरबी उघडून पाहायला सांगा. कॅन्सरची ग्रंथी कापली की पांढरट-पिवळसर, एकसारखी, ओलसर दिसते. आतबाहेरचा फरक पुसलेला असतो. चरबीत दिसणाऱ्या मण्याएवढ्या काळ्या-लाल रक्तगाठी मात्र गुरांत असतातच, त्या कॅन्सर नव्हेत. अर्धा-एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे दहापट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका. जाड तुकडा बाहेरून टिकतो आणि आतून सडतो. पीसीआरसाठी वेगळा तुकडा फॉर्मॅलिनशिवाय बर्फावर.

निकाल हाती आल्यावर

तीन वर्षांवरची गाय, अँटिबॉडी किंवा पीसीआर पॉझिटिव्ह आणि गाठीत कॅन्सरच्या पेशी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच 'एन्झूटिक ल्युकोसिसची (म्हणजे बीएलव्हीमुळे होणाऱ्या ल्युकोसिसची) गाठ' असं लिहावं. अशा गाईला औषध नाही. तिच्यावर महागड्या सलाईन-इंजेक्शनांचा खर्च करण्यापेक्षा तिचा त्रास कमी कसा राहील ते पाहावं. या विषाणूवर लसही नाही.

नुसती पॉझिटिव्ह, बाकी ठणठणीत गाय दूध देत राहू शकते. पाश्चरायझेशनने हा विषाणू मरतो. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्यामुळे परदेशातल्यासारखं पॉझिटिव्ह गाई काढून कळप स्वच्छ करता येत नाही, म्हणून वेगळं बांधणं आणि रक्त टाळणं हाच मार्ग. पॉझिटिव्ह गाई दावणीच्या एका टोकाला बांधा आणि लसीकरण, गाभण तपासणी, बिल्ले मारणं, शिंगकळ्या जाळणं ही कामं त्यांची सगळ्यात शेवटी करा. गाभण तपासणीचा हातमोजा प्रत्येक गाईला नवा मागा, डॉक्टर घाईत असले तरी. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांचा बंदोबस्त पावसाळ्याआधी सुरू करा.

पॉझिटिव्ह गाईच्या वासराला निगेटिव्ह गाईचा चीक पाजा. तो नसेल तर तिचाच चीक रात्रभर डीप फ्रीजरमध्ये गोठवून, दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात सैल करून द्या. गोठवल्याने चिकातल्या बाधित पेशी मरतात. व्याल्यावर पहिल्या काही तासांतच चीक लागतो, तेव्हा आधीच्या वेताचा चीक बाटल्यांत भरून, तारीख टाकून तयार ठेवा. असं वाढवलेलं वासरू सहा महिन्यांचं झालं की त्याचं सीरम एलायझाला पाठवा.